आमदारांचे कार्यवृत्त : वर्दी आणि नोंद

रब्बीची पेर आटोपून ज्वारी गुडघ्याला लागली, म्हणजे शेतकऱ्यास जरा उसंत मिळते. अशाच एखाद्या दिवशी गावात एक गाडी येते, आणि घरोघर गुळगुळीत कागदावर छापलेली एक रंगीत पुस्तिका पोचती करून पुढच्या गावास निघून जाते. आपल्या मतदारसंघाच्या आमदारांनी गेल्या वर्षात, अगर गेल्या पाच वर्षांत, कोणकोणती कामे केली त्यांचा वृत्तांत तीत दिलेला असतो. कार्यवृत्त, कार्यअहवाल, विकासपर्व अशी नावे निरनिराळी. आतील मजकुराची ठेवण मात्र बहुधा एकच. अमक्या गावी सभामंडप, तमक्या वस्तीस रस्ता, इतक्या शाळाखोल्या, इतके उंच खांबांवरचे दिवे, आणि शेवटी ठळक अक्षरांत कोट्यवधी रुपयांचा एकूण आकडा. घरातील मुले चित्रे पाहतात, वडील माणसे आपल्या गावाचे नाव कोठे आले आहे काय ते शोधतात, व चार दिवसांनी ती पुस्तिका रद्दीत जाते. सोलापूर जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ आहेत. थोड्याफार फरकाने बहुतेक ठिकाणी हाच परिपाठ दिसून येतो.

ही पुस्तिका इतक्या सहजासहजी रद्दीत जाऊ नये, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे. तिची थट्टा करावी असा आमचा मुळीच हेतू नाही. ज्याने मत मागितले, त्याने आपल्या कामाचा हिशेब मतदाराच्या दारी आणून द्यावा, ही गोष्ट मुळात चांगली आहे. ज्या आमदारांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत, त्यांच्यापेक्षा पुस्तिका काढणारे बरे, असेच कोणीही म्हणेल. परंतु हिशेब देणाऱ्याने हिशेब दिला एवढ्याने व्यवहार पुरा होत नाही; घेणाऱ्याने तो तपासून घ्यावा लागतो. सावकाराने खतावणी पुढे ठेवली आणि कुळाने ती न वाचताच अंगठा केला, तर त्यात दोष एकट्या सावकाराचा नसतो.

प्रस्तुत लेखकाची सर्व नोकरी महसूल खात्याच्या कचेऱ्यांत कारकुनीत गेली. तेथील एका साध्या रिवाजाची आठवण वाचकांस करून द्यावीशी वाटते. जमिनीचे खरेदीखत झाले, वाटणी झाली, अथवा खातेदार मयत होऊन वारस लागावयाचे झाले, म्हणजे तलाठ्याकडे वर्दी द्यावी लागते. वर्दी म्हणजे नुसती खबर. तीवरून तलाठी फेरफाराच्या वहीत नोंद धरतो. मग हितसंबंधी लोकांस नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते, हरकत आल्यास तिची चौकशी होते, आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तेव्हा कोठे सातबारावर नाव चढते. वर्दी दिली म्हणून कोणी जमिनीचा मालक होत नाही, हे आपल्यातील अडाणी म्हणविणाऱ्या खातेदारासही पक्के ठाऊक असते. आमदारांचे कार्यवृत्त ही अशीच एक वर्दी होय. ती खोटी आहे असे नव्हे. ती अद्याप प्रमाणित झालेली नाही, इतकेच. नोटीस आपणा सर्वांस लागू आहे, आणि हरकत घेण्याचा अगर नोंद मान्य करण्याचा अधिकार आपला आहे.

आता ही तपासणी कशी करावी याचा क्रमाने विचार करू.

पहिली गोष्ट अशी की, पुस्तिकेतील काम कोणाचे आहे, हे आधी पाहावे. आमदारांच्या हाती थेट असलेला पैसा म्हणजे स्थानिक विकास निधी. महाराष्ट्रात तो २०२० पूर्वी वर्षाला २ कोटी रुपये होता. तो वाढत जाऊन आता ५ कोटी झाला आहे. त्यातही आमदार काम सुचवितात आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. एखाद्या मतदारसंघात १०० गावे धरली, तर गावामागे वर्षाला ५ लाख रुपये पडतात. एवढ्या रकमेत फार तर एखादा लहान सभामंडप किंवा थोडासा रस्ता होईल. असे असता पुस्तिकेत शेकडो कोटींचे आकडे येतात कोठून ? ते येतात दुसऱ्यांच्या खात्यांतून. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० सालापासून केंद्राच्या पुढाकाराने चालू आहे. घरोघर नळ देण्याची जलजीवन मिशन योजना २०१९ सालची, केंद्र व राज्य या दोघांच्या पैशाची. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीचा. तो कसा खर्च करावा हे ग्रामसभेने ठरवावयाचे. शेतकऱ्यांच्या बँकखात्यावर किसान सन्मानाचे वर्षाला ६,००० रुपये येतात, तेही २०१९ पासून पात्र असलेल्या देशभरच्या खातेदारांस येतात. त्यांस आमदारांच्या शिफारशीची गरज नाही. या सर्व रकमा एकाच बेरजेत घातल्या म्हणजे आकडा फुगतो. परंतु शेजाऱ्याच्या शेतातील बुचाड आपल्या खळ्यात मोजले, तर रास मोठी दिसेल. पीक आपले म्हणता येणार नाही.

याचा अर्थ दुसऱ्या खात्यांच्या कामांत आमदारांचा काही वाटा नसतो, असा नव्हे. पुष्कळ वेळा प्रस्ताव वर्षानुवर्षे टेबलावर पडून राहतो, आणि आमदारांनी मंत्रालयात चार खेपा घातल्यावर तो हलतो. हा पाठपुरावा खरा असेल तर त्याचे श्रेय अवश्य द्यावे. मात्र त्यासाठी पुस्तिकेत तसे लिहिले पाहिजे : काम कोणत्या खात्याचे, पैसा कोणत्या योजनेचा, आणि त्यात आमदारांनी नेमके काय केले. पत्र दिले असेल तर पत्राची तारीख द्यावी. सभागृहात प्रश्न विचारला असेल तर प्रश्न कोणता व उत्तर काय आले ते द्यावे. 'निधी खेचून आणला' या शब्दप्रयोगाने यांपैकी कशाचाच बोध होत नाही.

दुसरी गोष्ट, काम कोणत्या पायरीवर आहे हे पाहणे. सरकारी काम एका दिवसात होत नाही. आधी मागणी, मग सर्वेक्षण, मग अंदाजपत्रक, मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग अर्थसंकल्पात तरतूद, मग निविदा, मग कार्यादेश, आणि त्यानंतर प्रत्यक्ष कुदळ. कुदळ पडल्यावरही काम पुरे होण्यास किती वर्षे लागतील याचा नेम नाही. पुस्तिकेत मात्र या सर्व पायऱ्या 'मार्गी लावले' या एकाच शब्दाखाली झाकल्या जातात. एकाच कामाचा प्रत्येक पायरीवर निराळा सत्कार होतो, आणि पाच वर्षांत एकच योजना चार वेळा कार्य म्हणून मोजली जाते.

याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिणेकडील गावांची हकीकत आपल्या जिल्ह्यात सर्वश्रुत आहे. मंगळवेढ्याची ज्वारी नावाजलेली. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु ज्या भागास ३५ गावांचा भाग म्हणून ओळखतात, तो पावसाच्या भरवशावर जगणारा. भीमा तालुक्याच्या एका अंगाने वाहते, वर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, आणि तरीही या गावांच्या वाट्यास पाणी आले नाही. पाण्यासाठी येथील लोकांनी मोर्चे काढले, उपोषणे केली, आणि २००९ साली अनेक गावांनी मतदानावर बहिष्कार घातला. त्याच वर्षी विधानसभेच्या निवडणुकीत माजी उपमुख्यमंत्री विजयसिंह मोहिते पाटील यांचा भारत भालके यांनी पराभव केला, आणि त्या निकालामागे पाण्याचा प्रश्न मोठा होता, हे सर्वांनी मान्य केले. पुढे २०१४ साली योजनेस मान्यता मिळाल्याचे जाहीर झाले. नंतर पाण्याची उपलब्धता व खर्च यांच्या फेरतपासणीत गावांची संख्या ३५ वरून २४ वर आली. २०२४ साली सुमारे ७०० कोटी रुपयांच्या योजनेस पुन्हा मान्यता मिळून भूमिपूजनही झाले.

या प्रवासात कोणी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. निरनिराळ्या पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी आपापल्या परीने खटपट केली; भालके तर २०२० साली निवर्तेपर्यंत हा प्रश्न मांडीत राहिले. परंतु वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २००९ साली ज्या घरात मूल जन्मास आले, ते २०२४ साली दहावीच्या उंबरठ्यावर आले होते. एवढ्या काळात त्या घरी किती कार्यवृत्ते आली असतील, आणि त्यांतील किती पानांवर ही योजना मार्गी लागली असेल, याची ज्याने त्याने कल्पना करावी. शिवाय ३५ मधून जी गावे वगळली गेली, त्यांची नावे कोणत्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापली गेली ? जे झाले ते सांगणे सोपे असते. जे गळाले ते सांगणे हीच प्रामाणिकपणाची खरी कसोटी होय.

तिसरी गोष्ट 'पूर्ण' या शब्दाची. या शब्दाविषयी लिहिताना प्रस्तुत लेखकास आपला स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. फार वर्षांपूर्वी एका टंचाईच्या सालात, एका कचेरीत असताना, पाणीपुरवठ्याच्या कामांचा तक्ता वरिष्ठांकडे पाठविण्याचे काम आमच्याकडे होते. संध्याकाळपर्यंत तक्ता गेलाच पाहिजे असा हुकूम होता. एका गावच्या नळयोजनेच्या रकान्यात काय लिहावे हे कळेना. विहीर खोदली होती, टाकी उभी होती, नळही घातले होते. पाणी येते की नाही, हे कोणी पाहून आले नव्हते. पाहून येण्यास वेळ नव्हता. आम्ही 'पूर्ण' असे लिहिले आणि तक्ता पाठविला. पंधरवड्याने त्या गावाने टँकर मागितला, तेव्हा तो नामंजूर झाला. कारण कागदोपत्री त्या गावास चालू नळयोजना होती. गावातील एक वयस्क बाई चार कोस चालून कचेरीत आली आणि आमच्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "दादा, तुमच्या कागदात पाणी हाय म्हणत्यात. घागर आणलीया, भरून द्या." त्या दिवशी आम्हांस उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही. तक्ता दुरुस्त होऊन टँकर सुरू होण्यास आणखी बारा दिवस लागले. ते बारा दिवस त्या गावाने कसे काढले, याचा हिशेब कोणत्याही नमुन्यात नाही.

म्हणून आमचे सांगणे असे की, खोटे 'पूर्ण' हा निरुपद्रवी बडेजाव नव्हे. ज्या गावाचे काम कागदावर पुरे होते, त्या गावाचा पुढील हक्क तेथेच बुडतो. लाभक्षेत्राचेही असेच आहे. एखादे गाव प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात अधिसूचित झाले, म्हणजे पुनर्वसन कायद्यान्वये तेथील जमिनीच्या विक्रीवर व वाटणीवर निर्बंध येतात आणि सातबाराच्या इतर हक्कांत 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा बसतो. पाणी येईल तेव्हा येईल. शेरा मात्र आधी येतो. मुलीच्या लग्नासाठी एक एकर विकावयास निघालेल्या खातेदारास परवानगीसाठी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात, आणि शेत तर कोरडेच असते. असे अर्ज आमच्या हातून कितीतरी गेले आहेत. तेव्हा 'आपले गाव लाभक्षेत्रात समाविष्ट केले' हे वाक्य पुस्तिकेत वाचून आनंद मानण्यापूर्वी, पोटचारी आपल्या बांधापर्यंत कधी येणार, हे विचारून घ्यावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि पुस्तिकांत बहुधा नसलेली. आमदार हा विधानसभेचा सभासद आहे. विधान म्हणजे कायदा करणे. त्या सभागृहात २८८ सभासद आहेत, आणि राज्याचा अर्थसंकल्प व कायदे तेथे मंजूर होतात. शेतकऱ्याच्या आयुष्यात जे मोठे फरक पडले, ते रस्त्याच्या तुकड्यांनी पडले नाहीत, कायद्यांनी पडले. १९३९ सालच्या मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायद्याने सावकारी कर्जास आळा घालण्याचा यत्न झाला. १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा आला. १९४८ च्या कूळकायद्याने, व पुढे त्यातील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून, कसणाऱ्या कुळांची नावे मालक म्हणून लागली. आज आपल्यापैकी अनेकांच्या सातबारावर जे नाव आहे, ते त्या कायद्याच्या फेरफाराने आलेले आहे. रोजगार हमीचेच पाहा. विधान परिषदेचे सभापती विठ्ठल सखाराम पागे यांनी आपल्या भागातील विसापुरास १९६५ साली लहानसा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर उपयोगी पडली. १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली देशास त्याचे अनुकरण करावेसे वाटले. पागे यांच्या या कामाचे छायाचित्र कोणत्या चौकात लावणार ? दुष्काळात मजुरी मिळून ज्या घरांत चूल पेटली, तीच त्याची साक्ष.

म्हणून पुस्तिकेत हेही असले पाहिजे की, आमच्या आमदारांनी वर्षात किती तारांकित प्रश्न विचारले, कोणत्या लक्षवेधी सूचना मांडल्या, शेतीविषयक कोणत्या विधेयकावर काय भाषण केले, आणि मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांपैकी किती पाळली गेली. जिल्ह्यापुरते बोलायचे तर उजनीच्या कालवा सल्लागार समितीत आमदारांनी काय भूमिका घेतली, हे प्रत्येक बागाइतदारास कळले पाहिजे. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट. पैकी सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा आहे. राहिलेल्या पाण्यातून शेती, शहरे, कारखाने या सर्वांनी वाटणी मागावयाची. उन्हाळ्यात आवर्तन कोणत्या तारखेस सोडावे, किती दिवस चालावे, आधी पाटाच्या टेलाकडील गावांस द्यावे की मुखाकडून वाटीत यावे, यावर एका हंगामाचे ऊस, द्राक्ष, डाळिंब उभे राहते किंवा जळते. या बैठकीत आपल्या प्रतिनिधीने टेलाच्या शेतकऱ्याची बाजू मांडली की गप्प राहिला, हे सभामंडपाच्या फरशीपेक्षा आपल्याशी जास्त निगडित आहे.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांचे उदाहरण येथे आठवते. १९६२ साली ते प्रथम निवडून आले आणि २०१४ च्या निवडणुकीपर्यंत एकंदर ११ वेळा त्या मतदारसंघाने त्यांस सभागृहात पाठविले. त्यांचा पक्ष सत्तेत क्वचितच असे. १९७२ व १९९५ साली ते पराभूतही झाले. टेंभू, म्हैसाळ, नीरा उजवा कालवा या योजनांचे पाणी सांगोल्यासारख्या कायम दुष्काळी तालुक्यास मिळावे, यासाठी ते आयुष्यभर झगडले. त्यांच्या मतांशी सर्वांचे जुळेलच असे नाही, आणि त्या तालुक्याचे सर्व प्रश्न सुटले असेही कोणी म्हणणार नाही. परंतु एसटीने प्रवास करणारा, सभागृहात अखेरपर्यंत हजर राहून शेतकऱ्याच्या प्रश्नावर बोलणारा आमदार मतदार पुन्हा पुन्हा निवडून देतात, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते. ३० जुलै २०२१ रोजी ते वारले, तेव्हा विरोधकांनीही त्यांच्याविषयी आदराने लिहिले.

येथे कोणी आमदार आम्हांस असे विचारील की, "तुम्ही म्हणता ते ठीक, पण आमच्याकडे येणारा मतदार विधेयकाची गोष्ट काढतो काय? तो सभामंडप मागतो, बदलीची चिठ्ठी मागतो, लग्नास या म्हणतो, आणि न गेल्यास रुसतो. अधिवेशनात महिनाभर बसलो, तर आमदार मतदारसंघात दिसत नाही अशी ओरड होते." हा आक्षेप खरा आहे, व त्याचे खापर आमदारांच्या माथी फोडता येणार नाही. आपण जे मागतो तेच आपल्यास दाखविले जाते. आपण बैल घेताना दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो; बी घेताना उगवणशक्ती विचारतो. पाच वर्षांसाठी प्रतिनिधी निवडताना मात्र कोण कोणाच्या मयतीस आला होता एवढेच पाहतो. हा दोष आपला आहे, आणि तो दुरुस्त करणेही आपल्याच हाती आहे.

ती दुरुस्ती अवघड नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपाहणीचा रिवाज राज्यभर बदलला, हे सर्व खातेदारांस ठाऊकच आहे. पूर्वी तलाठी पाहणी करी, आणि पुष्कळदा चावडीवर बसूनच पीक लिहीत असे. आता शेतकरी आपल्या बांधावर उभा राहून मोबाइलने पिकाचे छायाचित्र काढतो व स्वतः नोंद करतो. या पद्धतीत अडचणी आहेत. बांधावर सिग्नल मिळत नाही, वयस्क खातेदारांस मुलांची विनवणी करावी लागते. तरी तत्त्व बरोबर आहे : ज्याचे शेत, त्याची पाहणी. हेच तत्त्व आमदारांच्या कार्यवृत्तास का लावू नये ?

आमची सूचना अशी आहे. गावोगावच्या सभासदांनी आपल्या गावापुरती कार्यवृत्तातील कामे एका वहीत उतरून घ्यावीत, आणि प्रत्येक कामापुढे सात रकाने आखावेत : कामाचे नाव व ठिकाण, पैसा कोणत्या योजनेचा, मंजूर रक्कम, कार्यादेशाची तारीख, काम पुरे झाल्याची तारीख, आज प्रत्यक्ष काय दिसते, आणि देखभाल कोणाकडे. पहिले पाच रकाने कागदावरून भरता येतील. माहिती सहज न मिळाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. १० रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर मिळावयास पाहिजे. अर्जात अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि पूर्णत्वाचा दाखला, एवढ्या तीनच गोष्टी मागाव्यात. मोघम मागणी केली तर उत्तरही मोघम येते, हे आम्ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूस बसून शिकलो आहोत. सहावा रकाना मात्र जागेवर जाऊनच भरावा. बंधारा असेल तर माघात जाऊन पाणी किती आहे ते पाहावे. पाणंद रस्ता असेल तर श्रावणात उसाची नव्हे, निदान रिकामी बैलगाडी तरी जाते काय ते पाहावे. दोन माणसांनी मिळून जावे, व त्यांतील एक आमदारांच्या पक्षाचा आणि एक विरुद्ध पक्षाचा असावा. म्हणजे नोंदीवर कोणास हरकत घेता येणार नाही.

ही वही ग्रामसभेत वाचावी आणि तिची एक प्रत आमदारांस पाठवावी. जे काम चांगले झाले, त्याबद्दल आभार मानण्यास कचरू नये. चांगल्यास चांगले न म्हणणारा टीकाकार वाइटास वाईट म्हणतो तेव्हा त्याचे कोणी ऐकत नाही. जे काम राहिले, त्याचे कारण नम्रपणे विचारावे. आमच्या समजुतीप्रमाणे पुष्कळ आमदारांस याचा राग न येता उलट आनंदच होईल. कारण काम न करता ठेकेदाराने पैसे उचलले, तर नाव आमदारांचेच जाते, आणि गावातून खरी खबर देणारा त्यांस कोणी नसतो. भोवतालची मंडळी गोड तेवढेच सांगतात.

आमदारांसही एक विनंती आहे. आपल्या पुढील पुस्तिकेत 'राहिलेली कामे' असे एक पान घालावे. कोणते वचन पुरे करता आले नाही, का आले नाही, आणि आता काय करावयाचे आहे, एवढे त्या एका पानावर लिहावे. पुस्तिका छापण्याचा खर्च कोणी केला, तेही शेवटच्या ओळीत द्यावे. शेतकरी अपयशास हसत नाही. त्याने स्वतः कितीतरी वेळा पेरलेले उगवलेले पाहिले नाही, आणि तरीही पुढच्या मृगास तिफण जुंपली आहे. त्यास फसवणूक मात्र खपत नाही.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा या भागात लहानमोठ्या सर्वांस ठाऊक आहे. बेदरच्या पातशाहीतील हा महसुली अधिकारी. दुष्काळात त्याने सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, आणि पुढे पांडुरंगाने रूप पालटून बेदरास धान्याची रक्कम भरली व पावती आणून दिली, अशी श्रद्धा आहे. कारकुनी पेशातल्या माणसास या कथेतील त्या पावतीचे विशेष अप्रूप वाटते. दामाजींनी आपल्या कामाचा अहवाल कोठे छापला नाही. धान्य लोकांच्या पोटात गेले होते, आणि रकमेची पावती सरकारात होती. दोन्ही बाजू जुळल्या म्हणून हिशेब पुरा झाला. आजच्या लोकप्रतिनिधींकडून दामाजीपंतांची अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु सरकारातून रक्कम खर्ची पडल्याचा कागद एका बाजूस, आणि गावातील माणसास पाणी, रस्ता, दाम मिळाल्याची साक्ष दुसऱ्या बाजूस, या दोहोंचा मेळ घालण्याचे काम आपणास सहज करता येण्याजोगे आहे. वर्दी आपल्या दारात आली आहे. हरकतीची मुदत संपण्यापूर्वी आपण बांधावर जाऊन पाहून यावे, हीच आमची सर्व सभासद बंधूंस आग्रहाची विनंती.